स्वस्त आलिशान मोटार, महाग दुरुस्ती

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यावसायिकांनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या, तेव्हा मराठवाड्याच्या बदलत्या आकांक्षांची चर्चा देशभर झाली. त्या घटनेला दीड दशक उलटले. दरम्यानच्या काळात आलिशान मोटारीचे स्वप्न कोऱ्या गाडीपुरते उरलेले नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारातून ते पगारदार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले आहे. विद्यापीठ, अभियांत्रिकी संस्था आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकाच परिसरात असलेल्या नांदेडनजीकच्या विष्णुपुरीत एखाद्या प्राध्यापकाला वा डॉक्टरला हा मोह पडला तर नवल नाही. प्रश्न आहे तो गाडी दारात आल्यानंतरच्या खर्चाचा.

बीएमडब्ल्यू १ मालिका, मर्सिडीज ए-क्लास आणि ऑडी ए-३ या छोट्या आलिशान गाड्या २०१३-१४ च्या सुमारास भारतात आल्या. त्या वेळी वीस लाखांच्या पुढे किंमत असलेली ही गाडी आज साध्या नव्या मोटारीच्या भावात मिळते. मात्र गाडीची किंमत वयानुसार उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. खरेदी दहा लाखांच्या आतली असली, तरी दुरुस्तीचे देयक मूळ किमतीच्या हिशेबानेच येते. या व्यवहारातील खरी मेख हीच आहे.

या गाड्यांचे काही दोष जाणकारांना परिचित आहेत. ए-३ च्या पेट्रोल गाडीतील सात गिअरच्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये क्लच कोरडे असतात. रेंगाळत्या वाहतुकीत ते तापतात, झिजतात. गिअर बदलणारा मेकॅट्रॉनिक संच बिघडल्यास खर्च लाखाच्या वर जाऊ शकतो. याच धाटणीच्या गिअरबॉक्सच्या तक्रारींमुळे फोक्सवॅगन समूहाला २०१३ मध्ये चीनमधील पावणेचार लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. बीएमडब्ल्यूच्या त्या काळच्या डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागच्या, गिअरबॉक्सकडील बाजूस आहे. चेनची खडखड सुरू झाली की तिथवर पोहोचण्यासाठीच मोठी खोलखाल करावी लागते. भागापेक्षा मजुरी जड होते ती अशी.

वापराच्या पद्धतीचाही यात वाटा आहे. विष्णुपुरी ते नांदेड शहर हे अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटरचे. ज्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यांना ती काजळी जाळण्यासाठी अधूनमधून सलग, वेगाची धाव लागते. रोजच्या छोट्या फेऱ्यांत ती मिळत नाही आणि फिल्टर तुंबतो. अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांत स्टेपनी नसते. हवा गेल्यावरही काही अंतर धावणारे टायर त्यांना असतात. पण साधारण ऐंशी किलोमीटरनंतर तेही थांबवावे लागतात आणि नवा टायर साध्या टायरपेक्षा बराच महाग पडतो.

ऑडीची जुळणी मराठवाड्यातच, शेंद्रा औद्योगिक वसाहतीत होते. तरीही नांदेडच्या मालकाला त्या जवळिकीचा लाभ नाही. अधिकृत कार्यशाळा प्रामुख्याने छत्रपती संभाजीनगर, पुणे, हैदराबाद अशा मोठ्या शहरांत आहेत. गाडी बंद पडली तर ती वाहून नेण्याचा खर्च दुरुस्तीपूर्वीच सुरू होतो. गावातील कुशल मेकॅनिकचा हात चांगला असला, तरी कंपनीचे संगणकीय तपासणी यंत्र नसेल तर निदान अंदाजावर राहते आणि चांगले भागही बदलले जातात.

करांच्या बाबतीत थोडा दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे एक लाख रुपये मूळ किमतीचा भाग १ लाख २८ हजारांऐवजी १ लाख १८ हजारांना पडावा. परंतु त्याच फेररचनेत नव्या मोठ्या गाड्यांवरील एकूण करही घटून ४० टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतो. आज घेतलेली गाडी उद्या विकताना ही झळ मालकालाच सोसावी लागते.

कायद्याचे संरक्षणही अपुरे आहे. जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत नोंदणीच्या चौकटीत आणण्यात आले. मात्र त्यातून मालकीची जबाबदारी स्पष्ट होते, गाडीच्या प्रकृतीची हमी मिळत नाही. युरोपीय संघात व्यावसायिक विक्रेत्याला जुन्या मालाचीही किमान एक वर्ष जबाबदारी घ्यावी लागते. आपल्याकडे तसे बंधन नाही. विक्रेता व्यापारी असेल तर ग्राहक आयोगाचे दार ठोठावता येते. खासगी मालकाकडून थेट घेतलेल्या गाडीला तेही उपलब्ध नाही.

तोवर सावधगिरी हाच उपाय. सर्व्हिसिंगच्या नोंदी तारीखवार पाहणे, सौदा ठरण्यापूर्वी अधिकृत कार्यशाळेत संगणकीय तपासणी करून घेणे आणि एका मोठ्या दुरुस्तीची रक्कम बाजूला ठेवूनच खरेदीची ऐपत ठरवणे, एवढे तरी खरेदीदाराच्या हाती आहे. ही रक्कम बाजूला काढल्यावर जी गाडी परवडत नाही, ती मुळात स्वस्त नव्हतीच.