राहायला खोली दिली, म्हणजे चोवीस तास विकत घेतले काय?

युवक शिबिराच्या आवारात राहून त्याची राखण करणाऱ्या माणसाचा प्रश्न निघाला की व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले असते. ‘त्याला राहायला खोली दिली आहे, वीज-पाणी फुकट आहे, वर्षातले कित्येक महिने आवार रिकामेच असते, आणखी काय द्यायचे?’ असे म्हणणारे सारेच दुष्ट नसतात. त्यांत युवक-कल्याणासाठी झटणारे सद्गृहस्थ असतात, निवृत्त अधिकारी असतात, मुलांसमोर श्रमप्रतिष्ठेवर व्याख्याने देणारे शिक्षकही असतात. भल्या माणसांच्या तोंडी हा युक्तिवाद इतका सहज रुळला आहे, म्हणूनच त्याचा समाचार घेणे अगत्याचे आहे.

हा युक्तिवाद कोणत्या मातीत रुजला हे पाहायचे असेल तर झाशीच्या छावणीसारख्या जुन्या छावण्यांकडे पाहावे. उत्तर हिंदुस्थानातील या छावण्यांची आखणी साहेबाच्या बंगल्याभोवती झाली. मध्ये ऐसपैस बंगला, पुढे बाग, आणि आवाराच्या मागच्या कडेला नोकरांच्या खोल्यांची रांग. तिकडच्या बोलीत या रांगेला ‘शागिर्दपेशा’ म्हणतात. भिश्ती, माळी, पंखा ओढणारा, चौकीदार यांचे संसार तेथे बंगल्यापासून हाकेच्या अंतरावर थाटले गेले. ‘हाकेच्या अंतरावर’ हे शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचे आहेत. हाक ऐकू जावी एवढ्याचसाठी त्या खोल्या तेथे होत्या.

बंगाल सैन्याच्या छावण्यांतील जमिनींबाबत गव्हर्नर जनरलने १८३६ साली एक हुकूम काढला. जमीन सरकारची, सरकारला ती केव्हाही परत घेता येईल, मात्र बंगलाधारकाला एक महिन्याची नोटीस आणि मंजुरीने बांधलेल्या इमारतीची भरपाई मिळेल. परक्या सत्तेच्या या हुकुमातही बंगलेवाल्याच्या पदरात दोन गोष्टी पडल्या: नोटीस आणि भरपाई. शागिर्दपेशात राहणाऱ्याच्या पदरात काय पडले? काहीही नाही. तो ना मालक, ना भाडेकरू. बंगल्याचे दार किंवा विहिरीचा रहाट, तसाच तो आवाराचा एक भाग.

साहेब गेला. १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना, १९५० साली भारत स्काउट्स आणि गाइड्स, १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना उभी राहिली. देशभर शिबिरांची मैदाने, युवक वसतिगृहे, तंबूंची कोठारे झाली. हे सारे चांगलेच झाले. परंतु पुढची इमारत आणि मागची खोली यांच्यातील नाते मात्र बदलले नाही.

रिकाम्या आवारातले काम

‘आवार रिकामे असते तेव्हा त्याला काम काय?’ या प्रश्नातच प्रश्नकर्त्याचे अज्ञान उघडे पडते. इमारत माणसे असताना जितकी झिजते, त्याहून अधिक ती रिकामी असताना झिजते. बुंदेलखंडाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तंबूचे कापड कडक होऊन घड्यांवर फाटते, पंप कोरडा पडतो, लाकडात वाळवी शिरते. पावसाळ्याआधी छपराचे खापर फेरावे लागते, नाहीतर पहिल्याच सरीत गाद्या-सतरंज्यांचे कोठार भिजते. पावसाळ्यानंतर गवत कापले नाही तर त्यात साप राहतो, आणि शिबिर थंडीत भरते तेव्हा त्याच गवतातून मुले अनवाणी धावत असतात. पाण्याची टाकी रिकामी करून घासणे, ब्लीचिंग पावडरचे प्रमाण ठेवणे, संडासाचा खड्डा तुंबण्याआधी ओळखणे, विजेच्या उघड्या तारा शोधणे, पातेल्यापासून तंबूच्या खुंटीपर्यंत प्रत्येक वस्तूची नोंदवहीत मोजदाद ठेवणे, ही सारी कामे एकट्या माणसाची आहेत. गवंडी, सुतार, नळकारागीर, वायरमन आणि कोठीवाला यांच्या कसबाचा थोडाथोडा अंश ज्याच्या हातात आहे, त्याची गणना सरकारी कागदावर मात्र सर्रास ‘अकुशल’ अशी होते!

शिबिर भरले की दिवस-रात्र एक होते. मध्यरात्री कोणाला ताप भरतो, कोणाला विंचू चावतो, पाणी संपते, दिवे जातात. हाक एकालाच जाते. आणि ती हाक त्याच्या एकट्याच्या घरात जात नाही. पत्नी अंगण झाडते, पाहुण्यांचा चहा करते. मुलगा सदर बाजारातून औषध आणतो. त्यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते. एका पगारात सारे कुटुंब राबवून घेण्याची ही रीत सरंजामी आहे. तिच्यावर युवक-कल्याणाची पाटी लावल्याने ती बदलत नाही.

कायद्याचे घड्याळ

मग कायदा काय म्हणतो? १९४८ च्या किमान वेतन कायद्याने ‘मूलतः खंडित’ कामाचा एक वर्ग निर्माण केला. ज्या कामात माणूस हजर असतो, परंतु काही काळ त्याला शारीरिक हालचाल किंवा सतत अवधान द्यावे लागत नाही, असे काम सरकारने तसे जाहीर केले की कामाच्या तासांची सर्वसाधारण मर्यादा त्याला पुरी लागू होत नाही. २०१९ च्या वेतन संहितेनेही हा वर्ग कायम ठेवला. झाशी हे रेल्वेचे गाव. तेथील कामगाराला या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. रेल्वेच्या २००५ च्या कामाच्या तासांच्या नियमांत विश्रामगृहांचे रखवालदार आणि चौकीदार याच वर्गात येतात, आणि आठवड्याच्या ४८ तासांवर त्यांच्याकडून आणखी २४ तास घेण्याची मुभा आहे. म्हणजे ७२ तास!

परंतु लक्षात घ्या, रेल्वेच्या चौकीदाराला निदान ७२ हा आकडा तरी आहे. त्याच्यामागे संघटना आहे, रोस्टर आहे, तक्रार नेण्याची जागा आहे. शिबिराच्या आवारात कुटुंबासह राहणाऱ्या रखवालदाराला कोणताच आकडा नाही. त्याच्या आठवड्याचे तास १६८ असतात, कारण आठवड्यात त्याहून अधिक तास नसतात. वाट पाहणे, जागे राहणे, हाकेला उत्तर देण्यासाठी तेथेच थांबणे, हे काम नव्हे असे ज्यांना वाटते, त्यांनी एक रात्र ती खोली सोडून जाण्याची परवानगी त्याला देऊन पाहावी. ती परवानगी देता येत नसेल, तर तो कामावर आहे हे मान्य करावे लागेल.

खोली पगार की मेहेरबानी?

युक्तिवादाचा कणा आहे ती खोली. १९४८ च्या कायद्याने घराची किंमत वेतनाच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळली होती. नव्या संहितेनेही ती वगळली. पण त्याच व्याख्येच्या स्पष्टीकरणात एक फट ठेवली. वेतनाऐवजी वस्तुरूपाने काही दिले, तर एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंत त्याचे मूल्य वेतनाचाच भाग मानले जाईल. ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली आहे. खोलीची गणना या १५ टक्क्यांत करण्याचा मोह कोणकोणत्या व्यवस्थापनांना होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरीकडे न्यायालय काय म्हणते? गोव्यातील एका घरावरून बहीण-भावांत झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तत्त्व सांगितले की रखवालदार, पहारेकरी किंवा नोकर कितीही वर्षे राहिला तरी मालमत्तेत त्याचा हक्क निर्माण होत नाही. मागताक्षणी त्याने ताबा द्यावा. मालकीपुरते हे तत्त्व समजण्यासारखे आहे. आवाराची मालकी कोणी मागतही नाही. परंतु ही दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. खोली जर पगाराचा भाग असेल, तर ती त्याने श्रमाने मिळवलेली आहे आणि एका सायंकाळी बिऱ्हाड रस्त्यावर टाकता येणार नाही. आणि खोली जर कामाचेच साधन असेल, जसा कंदील, जशी शिट्टी, तर तिची किंमत त्याच्या पगारातून वसूल करता येणार नाही. पगार मोजताना खोली त्याची, आणि निवृत्तीच्या दिवशी खोली संस्थेची, हा दुटप्पीपणा चालू देता कामा नये.

कंत्राटदाराने या अन्यायावर कळस चढवला आहे. केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९७६ च्या अधिसूचनेने आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट आणि पहारा या कामांत कंत्राटी मजुरी बंद केली होती. २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. तेव्हापासून पहाऱ्याचे काम निविदेच्या बाजारात आहे. कंत्राटदार बदलला की वीस वर्षांचा माणूस पुन्हा पहिल्या दिवसाचा होतो.

‘संस्थेकडे पैसा नाही’

आणखी एक आक्षेप येईल: संस्था गरीब आहेत, त्या सेवाभावाने चालतात. संस्था गरीब असेल. पण शिबिराच्या अंदाजपत्रकात बसभाडे, शिधा, मांडव, ध्वनिक्षेपक यांचे आकडे कोणी सेवाभावाने सोडून देत नाही. सेवाभाव फक्त रखवालदाराच्या रकान्यात मागितला जातो. आणि मार्ग नाही असेही नाही. महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा करून मंडळे स्थापन केली. मालक अनेक असले तरी नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी आणि रजा एका मंडळामार्फत देता येतात हे त्यातून सिद्ध झाले. छोट्या संस्थांच्या रखवालदारांना अशाच मंडळाखाली का आणता येऊ नये?

झाशीत शिबिर भरले की राणी लक्ष्मीबाईंचे नाव निघते, चंद्रशेखर आझादांचे निघते. काकोरीनंतर आझाद या परिसरात भूमिगत राहिले. सदर बाजारातील गॅरेजमध्ये मोटार चालवायला शिकले, ओरछ्याजवळ सातार नदीकाठी कुटीत राहून गावातल्या मुलांना शिकवत राहिले. त्यांची गोष्ट ऐकणारी मुले डोळे उघडे ठेवून बसलेली असतात. तासभराच्या श्रमदानाला हार आणि छायाचित्र मिळते, आणि वर्षभर ते आवार उभे ठेवणाऱ्याला समारोपाच्या सतरंजीवर जागाही मिळत नाही, हेही त्यांना दिसते. श्रमप्रतिष्ठेचा खरा धडा त्यांना तेथे मिळतो, आणि तो उलटा मिळतो.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. निवासी रखवालदाराचे तास लेखी ठरले पाहिजेत, आणि साप्ताहिक सुट्टीसाठी बदली माणूस मिळाला पाहिजे. कामाची वर्गवारी कुशलतेनुसार झाली पाहिजे. घरातील जो माणूस राबेल त्याला त्याचे वेतन मिळाले पाहिजे. खोलीची किंमत पगारात धरता कामा नये. कंत्राटदार बदलला तरी सेवा अखंड मानली पाहिजे. आणि निवृत्तीनंतर दुसरे छप्पर उभे राहीपर्यंत खोली सोडण्यास वाजवी मुदत मिळाली पाहिजे. बंगलेवाल्याला १८३६ साली एक महिन्याची नोटीस मिळत होती. शागिर्दपेशातल्या माणसाला ती मिळण्यासाठी आणखी किती वर्षे थांबावयाचे?