आंबोलीचं खोकं आणि मंडळाचा व्हीसीआर



सर्वसाधारण सभेत सुरू झालेला वाद पार्किंगमध्येही मिटला नाही आणि पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला नको तितकी धार आली. जुन्या व्हिडिओ टेप संगणकावर उतरवून घेण्याचं काम मंडळाने हाती घेतलं. पहिलं मोठं खोकं आलं ते आपल्या एका सभासद कुटुंबाच्या आंबोलीच्या घरातून, आणि कार्यकारिणीने नेमकं तेच बाजूला ठेवलं. "कोकणातल्या टेप मंडळाला चालत नाहीत का?" असं काहींनी विचारलं. विचारणाऱ्यांची कळकळ आम्हाला कळते, म्हणून हा खुलासा.

आंबोली सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, सुमारे 690 मीटर उंचीवर. वर्षाचा पाऊस 7,000 मिलिमीटरच्या आसपास. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग दारातून आत येतात, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते. टेपचं तसंच झालं आहे. कॅसेटच्या खिडकीवर टॉर्च धरला की गुंडाळीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते, एका टेपवर तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत. झाकण उघडताच कुबट वास येतो.

अशी टेप मशीनमध्ये घातली तर काय होतं? व्हीसीआरमध्ये हेड बसवलेला ड्रम असतो. भारतातल्या पाल पद्धतीच्या टेपसाठी तो सेकंदाला 25 फेरे घेतो, इथल्या एनटीएससी टेपसाठी 30. टेप त्याला घासूनच पुढे सरकते. भुकटी हेडच्या बारीक फटीत बसली की पडद्यावर चित्राऐवजी मुंग्या येतात. उरलेले कण रोलरवर राहतात आणि पुढच्या माणसाच्या टेपला लागतात. गुंडाळीचे थर एकमेकांना चिकटले असतील तर टेप फाटतेही. मंडळाकडे दोन्ही पद्धतींच्या टेप चालवणारं मशीन एकच आहे. नवं घेऊ म्हटलं तरी मिळणार नाही, कारण व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. एका खोक्यासाठी बाकी सर्वांच्या टेप धोक्यात घालणं आम्हाला योग्य वाटलं नाही. पुण्याच्या किंवा इथल्याच बेसमेंटमधल्या टेपवर बुरशी दिसली, तर तिलाही हाच नियम लागू राहील. यात कोकण आणि देश असा भेद कुणी कृपया आणू नये.

उलट आंबोलीचं खोकं वाचवण्याची तळमळ आम्हाला अधिक आहे. त्यात गणपतीचे दिवस आहेत, लग्नं आहेत, आणि लेबलवर लिहिलं आहे ते खरं असेल तर एका जत्रेतला रात्रभराचा दशावतार आहे. दशावतारी नटांच्या हातात लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेलं, पण संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतात, समोरच्या नटाला उत्तर देता देता. त्या रात्री जे बोललं गेलं ते त्या टेपशिवाय कुठेही उरलेलं नसेल. ही टेप गेली तर पैसे मोजूनही परत मिळणार नाही. म्हणून खोकं सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवून टेप आधी कोरड्या करत आहोत. कोरडी झाली की बुरशी निपचित पडते, मरत मात्र नाही. त्यामुळे पुढची साफसफाई हातमोजे आणि मास्क घालून, मोकळ्या हवेत आणि वेगळ्या मशीनवरच होईल. दशावताराचं चित्रीकरण कलाकारांना विचारल्याशिवाय यूट्यूबवर जाणार नाही, हेही ठरलं आहे.

दुसरी तक्रार खर्चाची. मंडळाच्या पैशातून घरगुती लग्नं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मंडळाच्या जुन्या गणेशोत्सवाच्या आणि नाटकांच्या टेप आधी होतील, त्यांचा खर्च मंडळ करील. घरगुती टेपसाठी हार्ड डिस्क सभासदाने आणायची, मशीन आणि माणसं मंडळाची. दोन्ही बाजूंना हे पूर्णपणे पटणार नाही, तरी निभावता येईल असा हा मार्ग आहे.

"एवढा वेळ का लागतो?" तीन तासांची टेप उतरवायला तीन तासच लागतात, ती पळवता येत नाही. चित्र थरथरू नये म्हणून व्हीसीआर आणि संगणक यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर लावावा लागतो. डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे 13 जीबी जागा जाते. त्यातून फोनवर बघायला छोटी फाइल निघेल, पण मोठी फाइल पुसू नका.

आता थोडं स्पष्ट बोलतो. वाद घालायला सभागृह भरलं होतं. टेप जमा करण्याच्या रविवारी मात्र मोजकेच सभासद आले, आणि पाळीपाळीने मशीनजवळ बसायला नावं देणारे त्याहून कमी. 2019 मध्ये युनेस्कोने चुंबकीय टेपबद्दल जगभर इशारा दिला, तो आपल्या घरांनाही लागू आहे. मशीन मिळेनाशी होत आहेत, आणि टेपमधली माणसं ओळखणारी आपली वडीलधारी मंडळीही दरवर्षी कमी होत आहेत.

तेव्हा विनंती अशी. टेप "एकदा चालवून बघू" म्हणून घरच्या मशीनमध्ये घालू नका. कॅसेटच्या मागच्या कडेवरची प्लॅस्टिकची छोटी पट्टी मोडून टाका, म्हणजे चुकून वरून दुसरं रेकॉर्डिंग होणार नाही. कार्यक्रम, गाव, साल आणि ओळखीची नावं कागदावर लिहून सोबत द्या. हँडीकॅमच्या छोट्या कॅसेट असतील तर तो कॅमेराही आणा, व्हीएचएसच्या मशीनमध्ये त्या चालत नाहीत. आणि कुणाच्या बेसमेंटमध्ये पाल टेप चालवणारा जुना व्हीसीआर पडून असेल, थोडा बिघडलेला असला तरी, तो मंडळाला द्या. आंबोलीच्या खोक्यासाठी तो हवा आहे.

आपली,
कार्यकारिणी