छावणीच्या दारात पाऊल टाकण्यापूर्वी

शाळा-महाविद्यालयांतील राष्ट्रीय छात्रसेनेच्या पथकांना सैनिकी प्रशिक्षण केंद्राची भेट घडवली जाते, तेव्हा मुलांच्या उत्साहाला उधाण येते. २०२५ च्या मे महिन्यात झालेल्या 'ऑपरेशन सिंदूर' नंतर तर हे कुतूहल घरोघरी पोहोचले. कुतूहल शुभ आहे. परंतु त्याला तयारीची जोड नसेल, तर अशी भेट ही केवळ गणवेशातील सहल ठरते. बसमध्ये चित्रपटातील गाणी, पिशवीत फरसाणाची पाकिटे, हातात भ्रमणध्वनी आणि मनात पडद्यावरचा नायक, एवढी शिदोरी घेऊन छावणीत गेलेला मुलगा तोफ पाहून येतो. सैनिक मात्र त्याला दिसतच नाही.

प्रशिक्षण केंद्रात पाहण्यासारखे काय असते? बेळगावचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र घ्यावे. १७६८ पासूनची परंपरा सांगणारी ही पलटण महाराष्ट्राच्या अभिमानाचा विषय आहे. अशा केंद्रात उस्तादाच्या एका आवाजासरशी पाऊल उचलणारी रिक्रूटांची रांग, दोर चढताना सोललेले तळहात, लंगरासमोर मुकाट्याने धरलेली रांग, स्वतःच्या हाताने चकाकवलेले बूट आणि अखेरीस कसम परेडच्या मैदानावर घेतलेली शपथ हे खरे दृश्य असते. त्यात चमत्कार नसतो. एकच कृती रोज, न कंटाळता, चोख करण्याची साधना असते. ही साधना पाहण्याची दृष्टी मुलांना आधी द्यावी लागते. ती देणे हे सैन्याचे काम नव्हे. ते घराचे आणि शाळेचे काम आहे.

या बाबतीत शिवछत्रपतींचा धडा विसरता येणार नाही. चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात रणांगणावरील पराक्रमाचे वर्णन नाही. दाणा-वैरण बेताने वापरा, ती आधीच संपवून रयतेला उपद्रव देऊ नका, गवताच्या गंजीजवळ विस्तव नेऊ नका, रात्री दिवा तसाच ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, अशा आशयाची ती सक्त ताकीद आहे. ज्याने हिंदवी स्वराज्य उभे केले, त्या राजाची नजर दिव्याच्या वातीपर्यंत पोहोचत होती. सैन्याचे सामर्थ्य अशा लहान गोष्टींतून घडते, हे ज्या मुलाला कळले, त्याची निम्मी तयारी झाली.

उरलेली निम्मी तयारी शरीराची. भेटीपूर्वी किमान सहा आठवडे पहाटे पाचला उठणे आणि रात्री दहाला अंथरुणावर पडणे अंगवळणी पडावे. नवे बूट आदल्या दिवशी विकत घेऊन पायांना फोड आणण्यापेक्षा ते महिनाभर रोज घालून चालावे. धावणे हळूहळू वाढवावे. सैन्यभरतीच्या मैदानावर १.६ किलोमीटरची धाव आणि नऊ फुटांचा खड्डा वाट पाहत असतो. पण कोवळ्या वयात हाडे व सांधे अजून घडत असतात, याचे भान ठेवून अतिरेक टाळावा. स्वतःचे ताट धुणे, तुटलेले बटण लावणे, अंथरुणाची नीट घडी घालणे या गोष्टी ज्या घरात आई अद्याप मुलासाठी करते, त्या घराने तयारीची सुरुवात तेथूनच करावी. पानात पडेल ते नाव न ठेवता खाणे, हाही व्यायामच आहे.

शिष्टाचार शिकवण्याची तितकीच गरज आहे. नाईक, हवालदार आणि सुभेदार यांची चिन्हे ओळखता यावीत. सुभेदाराला 'साहेब' म्हणायचे, हे ठाऊक असावे. परवानगीवाचून छायाचित्र काढायचे नाही आणि छावणीत पाहिलेले समाजमाध्यमांवर टाकायचे नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगावे, की पुन्हा सांगण्याची वेळ येऊ नये. तोंड बंद ठेवणे ही देशसेवेची पहिली पायरी आहे.

काही ठिकाणी अशा भेटीपूर्वी मुलांसमोर शत्रूविषयीच्या संतापाची तडाखेबाज भाषणे होतात. भाषणकर्त्याला टाळ्या मिळतात. मुलांना काय मिळते? संताप हा सैनिकी गुण नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या एप्रिलमध्ये, इटलीतील सेनिओ नदीकाठी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव याने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. मशीनगनच्या माऱ्यात, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून त्याने प्रथम दोन जखमी सहकाऱ्यांना सुखरूप नेले. मग तो शत्रूच्या मोर्च्यांवर परतला. हाताला जखम होऊन बंदूक चालेना, तेव्हा हातगोळ्यांनी लढला, आणि बांधावर उभा राहून शिवरायांच्या नावाची गर्जना केली. आधी सोबती, मग शत्रू, हा क्रम मुलांच्या मनावर कोरला गेला पाहिजे. आपल्या माणसावरील प्रेमातूनच खरा पराक्रम उगवतो.

मुलांच्या प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे देणे, हाही तयारीचाच भाग आहे. २०२२ पासून लागू झालेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची आहे आणि त्यानंतर प्रत्येक तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंतच अग्निवीर कायम होतात, हे त्यांना ठाऊक हवे. ज्यांना अधिकारी व्हायचे आहे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा मार्ग आहे. मराठी तरुणांचे प्रमाण अधिकारीवर्गात वाढावे, म्हणून राज्य शासनाने १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत सेवापूर्व प्रशिक्षण संस्था काढली. मुलींनाही प्रबोधिनीचे दार २०२२ मध्ये उघडले आणि २०२५ मध्ये त्यांची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. म्हणून छात्रसेनेतील मुलींना मागच्या रांगेत बसवून भेटीला नेण्याचे दिवस आता संपले आहेत.

डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोंसला सैनिकी शाळा सुरू केली, तेव्हा देश परतंत्र होता. शिस्तबद्ध तरुण आधी घडवावा लागतो, संधी मागून येते, ही त्यांची दृष्टी होती. आज संधी दाराशी उभी आहे. घडवणूक मात्र मागे पडते आहे.

भेटीहून परतलेल्या पन्नास मुलांपैकी पाचच जण पुढे सैन्यात जातील कदाचित. उरलेले पंचेचाळीस शिक्षक, शेतकरी, अभियंते, व्यापारी होतील. त्यांनी रांग मोडली नाही, वेळ पाळली, हाती घेतलेले काम तपासूनच खाली ठेवले, तर छावणीतील तो दिवस सार्थकी लागला असे समजावे. रात्री दिवा विझला आहे की नाही, हे पाहूनच झोपणारा नागरिक ही राष्ट्राची दुसरी संरक्षणफळी आहे.