निदानाची मजुरी

माकणी हे निम्न तेरणा धरणाचे गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा या धरणातल्या पाण्यानेच जमीन हलवली की काय, अशी शंका निघाली आणि शास्त्रज्ञांत त्यावर बराच वाद झाला. ठपका ठेवायला क्षण पुरतो. कारण शोधायला वेळ द्यावा लागतो. हा धडा याच गावात मला एका क्षुल्लक निमित्ताने पुन्हा मिळाला. निमित्त होते माझ्या मोटारीचे.

गुडघे कुरकुरू लागल्यावर मुलाने मला ऑटोमॅटिक गियरची जुनी गाडी घेऊन दिली. महिनाभर ती मधूनच सुरू व्हायला नकार देत होती. शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये तिला संगणक जोडला, ‘पी-०७०५’ असा कोड उमटला आणि निकाल मिळाला, ‘गियर पोझिशन सेन्सर गेला, बदलावा लागेल.’ खर्चाचा अंदाज ऐकून मी विषय पुढच्या महिन्यावर ढकलला. माकणीला स्नेह्याकडे मुक्काम केला आणि परतीच्या सकाळी गाडीने मौनच धरले.

हा सेन्सर गियरबॉक्सवर बसतो आणि दांडा पार्किंगमध्ये आहे, रिव्हर्सला आहे की न्यूट्रलला, हे गाडीच्या संगणकाला कळवतो. ‘पी’ किंवा ‘एन’ असा निरोप मिळाल्याशिवाय संगणक स्टार्टर फिरू देत नाही. जमलेल्यांपैकी एकाने लगेच तोडगा काढला, ‘वायर डायरेक्ट करा की!’ तेवढ्यात मोटारसायकलवरून मेकॅनिक आला. तो म्हणाला, “काका, डायरेक्ट करून देतो, पण उद्या गाडी गियरात असताना चावी फिरली अन् म्होरं लेकरू असलं तर?”

मी गप्प झालो. त्याने आधी हेडलाइट लावून बॅटरी पाहिली. हँडब्रेक ओढला, ब्रेक दाबून दांडा न्यूट्रलला आणला, चावी फिरवली. गाडी सुरू झाली! म्हणजे स्टार्टर ठीक, फक्त ‘पी’चा निरोप अडतो आहे. मग इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून तो खाली शिरला. दांड्याची केबल सैल नव्हती. सेन्सरचा कनेक्टर काढला तर रबरी सील फाटलेले, आत पाणी गेलेले आणि एक पिन हिरवी पडलेली. “सेन्सर काई मेला न्हाई. त्याचा निरोपच पोचंना,” तो म्हणाला. पिन घासली, कनेक्टर वाळवला, नवे सील बसवले, मीटर लावून प्रत्येक गियरला सिग्नल बदलतो का ते तपासले. गाडी ‘पी’मध्येही सुरू झाली.

नंतर मी वाचले, तेव्हा कळले की तो कोड मुळी सेन्सर बिघडल्याचा नव्हेच. सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड असल्याचा आहे. सर्किटमध्ये तार, कनेक्टर, अर्थिंग सगळे येते. संगणकाने तक्रार नोंदवली होती. निदान माणसाने करायचे होते.

बँकेत संध्याकाळी हिशेब जुळला नाही, की आम्ही फरकाला ९ ने भागून पाहत असू. पूर्ण भाग गेला, तर कोणीतरी ५४ चे ४५ लिहिले असावे असा संशय धरून व्हाउचरे चाळायची. लेजर कोणी फाडून टाकत नसे.

आता माझी लाज सांगतो. मेकॅनिकने मजुरी सांगितली, तेव्हा मनात आले, ‘एवढे? बदलले तर एक रबराचे सील!’ वर्कशॉपने सांगितलेल्या नव्या भागाचे मात्र मी निमूटपणे दिले असते. आपण डब्यातल्या वस्तूचे पैसे देतो, डोक्याचे देताना हात आखडतो. मग दुरुस्ती करणाराही शोधत बसण्यापेक्षा बदलून मोकळा होतो. त्यात त्याचा एकट्याचा दोष कसा?

सेन्सर खरोखर निकामी होतोच. तेव्हा तो बदलावा आणि नवा बसवताना न्यूट्रलची खूण जुळवून घ्यावी. पण त्याआधी विचारावे, ‘कनेक्टर उघडून पाहिला का? मीटर लावला का?’ आणि उत्तर ‘हो’ आले, तर त्या वेळेचे पैसे वेगळे, हसतमुखाने द्यावेत.

त्या दिवशी मी दिले. हसू मात्र गाव मागे पडल्यावर आले.