गृहस्थाश्रमाचा हिशेब : स्वस्त कां, हें आधीं विचारावें

इस्लापुरासारख्या गांवीं राहणाऱ्या गृहस्थास दोन बाजार असतात. एक गांवांतलीं किराणा दुकानें व आठवडी बाजार, दुसरा नांदेडचा. आमचें गांव किनवट तालुक्यांत, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर असल्यामुळें गाडीनें नांदेडास जावें आणि पिशव्या भरून परतावें, हा क्रम आतां घरोघरीं पडला आहे. तेथील मोठमोठ्या दुकानांत छापील किमतीहून कमी भावानें माल मिळतो. कांहीं दुकानांवर तर 'कोणतीही वस्तू घ्या, भाव एकच' अशी पाटीच असते. अशा ठिकाणीं काय घ्यावें आणि काय घेऊं नये, हा प्रश्न आज प्रत्येक घरीं उपस्थित होतो. त्याचा विचार करण्यापूर्वीं आमचीच एक फजिती सांगणें प्राप्त आहे.

गेल्या हिंवाळ्यांत आम्हीं अशाच एका दुकानांतून पाणी तापविण्याचा विजेचा रॉड आणला. गांवांतील दुकानदार चारशें रुपये सांगत होता, तेथें तो एकशें दहा रुपयांत मिळाला. दोनशें नव्वद रुपये वांचविल्याचा आनंद आम्हीं घरांत बोलूनही दाखविला. चौथ्या दिवशीं पहांटे आमच्या सौ.नीं बादलींतील पाणी तापलें कीं काय, हें पाहण्यासाठीं हात घातला, तों विजेचा जबर धक्का बसून त्या मागें कोसळल्या. दैव बलवत्तर म्हणून कोपर दुखावण्यावरच निभावलें. एरवीं त्या बादलीपाशीं आमची पांच वर्षांची नात खेळत असते, हें आठवलें म्हणजे आजही अंगावर कांटा उभा राहतो. गांवांतील वायरमननें रॉड हातीं घेऊन एकच प्रश्न केला, "गुरुजी, यावर मार्क कोठें आहे?" मार्क नव्हता, अर्थिंगची तार नव्हती, प्लगला तिसरी पीनही नव्हती. जन्मभर मुलांस 'परीक्षा केल्यावांचून ग्रहण करूं नये' असें शिकविणाऱ्या आम्हांस त्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. दुकानांत परत जावें, तर पावतीही घेतलेली नव्हती! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण आम्हांस औषधपाण्याच्या खर्चानें समजली.

यावरून स्वस्त वस्तू घेऊंच नये, असा सिद्धांत कोणी काढील तर तो चुकीचा होय. स्वस्ताई हा दोष नव्हे. तिचें कारण न विचारणें हा दोष होय. वस्तू स्वस्त होण्याचीं कारणें मुख्यतः चार. पहिलें, घाऊक खरेदी. मुंबई ग्राहक पंचायत ही संस्था १९७५ सालीं निघाली आणि कुटुंबांचे गट करून त्यांच्यासाठीं एकत्र खरेदी करण्याची प्रथा तिनें पाडली. मधले हात कमी झाले कीं भाव उतरतो. ही स्वस्ताई प्रामाणिक होय. दुसरें, मुदत जवळ आलेली असणें. तिसरें, माल जुना किंवा किरकोळ खोटीचा असणें. चौथें, मालांतूनच कांहीं वगळलेलें असणें. आमच्या रॉडांतून तार वगळली होती! पहिल्या कारणाचें स्वागत करावें, दुसऱ्यातिसऱ्याची चौकशी करावी आणि चवथ्यापासून दूर राहावें.

आतां वस्तूंचे तीन वर्ग करूं. ज्या वस्तूंत फसवणूक झाली तरी केवळ पैसेच जातात, तो पहिला वर्ग. केरसुण्या, पायपुसणीं, कपड्यांचे चिमटे, वह्या, टॉवेल, स्टीलचे डबे, डोळ्यांनीं पारखतां येणाऱ्या अख्ख्या डाळी, हीं सवलतीच्या दुकानांतून खुशाल घ्यावींत.

दुसरा वर्ग गणिताचा. साबण, चहा, तेल, बिस्किटें यांवरील 'पन्नास टक्के सूट' पाहून भुलूं नये. छापील किंमत ही कमाल किंमत होय. तिच्याहून अधिक घेणें कायद्यास संमत नाहीं, परंतु ती मुळांतच वाढवून छापली असेल तर सुटीला अर्थ काय? म्हणून सूट न पाहतां दर पाहावा. वजनमापाच्या नियमांप्रमाणें आतां बहुतेक पुड्यांवर दर ग्रॅमची वा दर मिलिलिटरची किंमतही छापावी लागते. चष्मा लावून ती वाचावी. तेलाच्या बाबतींत आणखी एक मेख आहे. एक लिटर खाद्यतेलाचें वजन सुमारें ९१० ग्रॅम भरतें. समजा, लिटरची पिशवी १४६ रुपयांस आणि किलोची १५५ रुपयांस आहे. पहिली स्वस्त दिसते खरी; पण तिचा भाव किलोमागें सुमारें १६० रुपये पडतो. आमच्या शाळेंत हें त्रैराशिक पांचवीची मुलें सोडवीत असत. मुदतीचाही भेद ध्यानीं धरावा. 'बेस्ट बिफोर' ही तारीख गुणाची असते, तिच्यानंतर चव वा कुरकुरीतपणा उणावतो. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' ही सुरक्षिततेची असते, ती उलटलेला पदार्थ फुकट मिळाला तरी घेऊं नये. पुड्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आंकडी क्रमांक आहे कीं नाहीं, हेंही पाहावें.

तिसरा वर्ग असा कीं, जेथें चूक झाली तर जिवाशीं गांठ. विजेचीं उपकरणें, गॅसची रबरी नळी, कुकर व त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह, हेल्मेट, मुलांचीं खेळणीं, औषधें आणि तान्ह्या मुलांचें अन्न, यांत केवळ भाव पाहून खरेदी करूंच नये. इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन ही संस्था १९४७ सालीं स्थापन झाली. तिचें कार्य आतां भारतीय मानक ब्यूरो करतो, पण तिच्या नांवाचें 'आयएसआय' चिन्ह अद्याप चालू आहे. पाणी तापविण्याच्या रॉडास तें २००३ च्या आदेशानें सक्तीचें झालें. कुकर, हेल्मेट व खेळणीं यांस २०२१ पासून. चिन्ह छापणें खोटें बोलणाऱ्यासही जमतें. म्हणून चिन्हावरील मानकाचा क्रमांक आणि खालील 'सीएम/एल' ह्या अक्षरांपुढील परवाना क्रमांक दोन्ही पाहावे. परवाना खरा कीं खोटा, हें 'बीआयएस केअर' नांवाच्या ॲपवर क्षणांत कळतें. आम्हांस हें आमच्या नातवानें शिकविलें. नातवाचें शिष्यत्व पत्करण्यांत कमीपणा नाहीं.

कोणी म्हणेल, गृहस्थानें एवढी उठाठेव कां करावी? ही उठाठेव आजची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत वजनमापांवर देखरेख ठेवणारा 'पौतवाध्यक्ष' आहे आणि 'कंटकशोधन' ह्या अधिकरणांत व्यापाऱ्यांपासून प्रजेच्या रक्षणाचें स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या काळीं १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आहे. १९१५ ह्या क्रमांकावर दूरध्वनीनें तक्रार नोंदवितां येते, आणि पांच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस जिल्हा आयोगांत शुल्क पडत नाहीं. मात्र आपली बाजू सिद्ध करण्यास पावतीसारखा पुरावा नाहीं. पावती मागणें म्हणजे दुकानदारावर अविश्वास दाखविणें, ही आमच्या पिढीची भिडस्त समजूत होती. ती आम्हीं आतां टाकली आहे.

तो रॉड आम्हीं फेंकला नाहीं. त्याची वायर कापून तो देवघराशेजारील खुंटीस टांगून ठेवला आहे. सूनबाई बाजारास निघाल्या म्हणजे त्याकडे बोट दाखवून नात म्हणते, "आई, मार्क बघून आण गं!" आमच्या उपदेशाहून त्या खुंटीवरील गुरूचा प्रभाव घरांत अधिक पडला, हें आम्ही कबूल करतों. वाचकभगिनींनीं सणांची खरेदी करण्यापूर्वीं आपल्या घरांतील कुकर, गॅसची नळी व विजेचीं उपकरणें एकदां उलटून पाहावींत, एवढीच आमची विनंती. पुढील मासीं तूप व मध यांच्या पारखेविषयीं लिहूं.