'==' ला वाळीत टाकू नका

परवा पुण्याहून मित्राच्या धाकट्या भावाचा फोन आला. मुलाखतीची तयारी चालली होती. जावामध्ये दोन ऑब्जेक्ट्सची तुलना कशी करायची, विचारलं. उत्तर तोंडपाठ: "दादा, '==' कधीच नाही. नेहमी इक्वल्स." आणि एनम असेल तर? "तेच." का? फोनवर शांतता.

मंडळी, ही आपली घोकंपट्टी! नियम पाठ, कारण गायब.

स्ट्रिंगसाठी तो नियम बरोबरच आहे. दोन चिठ्ठ्यांवर 'अल्बर्टा' लिहिलं तर मजकूर एक, चिठ्ठ्या दोन. '==' विचारतं, चिठ्ठी तीच का? इक्वल्स मजकूर वाचतं. पण एनम म्हणजे चिठ्ठी नव्हे. इथे कॅनडात दहा प्रांत आणि तीन टेरिटरीज आहेत (तिसरी, नुनावुत, १९९९ ची). या तेरांचा एनम केला तर त्यात अल्बर्टा एकच. 'न्यू', क्लोन, रिफ्लेक्शन, सीरियलायझेशन, कुठल्याच वाटेने दुसरी प्रत निघत नाही. २००४ साली जावा ५ मध्ये एनम आले, आणि इथे '==' चालतं हे भाषेच्या स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलेलं आहे. एनमचं इक्वल्स आतून '==' च करतं, आणि ते फायनल असल्याने बदलताही येत नाही. (जावाचा जनक जेम्स गॉस्लिंग याच अल्बर्टातल्या कॅल्गरीजवळचा, बरं का!)

"दोन्ही सारखंच, मग वाद कशाला?"

वाद अशासाठी, की मी पोळलोय. प्रयोगशाळेत झडपेचा एक एनम होता, पंपाचा दुसरा, 'बंद' दोन्हींत. घाईत मी झडपेची तुलना पंपाच्या 'बंद'शी केली, इक्वल्सने. कंपायलर गप्प. उत्तर कायम फॉल्स. झडप बंद असल्याचा इशारा कधी आलाच नाही आणि दिवसभराची मोजमापं केराच्या टोपलीत गेली. '==' लिहिलं असतं तर दोन वेगळे प्रकार पाहून कंपायलरनेच दारात अडवलं असतं.

कोणी म्हणेल, व्हेरिएबलमध्ये नल आलं तर इक्वल्स निदान एक्सेप्शन फेकून बोंब तरी मारतं; '==' नुसतं फॉल्स देतं. मान्य. पण नल नको असेल तर तसं सरळ तपासा ना! तुलनेच्या आडून कशाला?

त्या पोराला एवढंच सांगितलं: एनमला '==' च म्हण, आणि का ते सांग. त्यावर मार्क कापले तर खुशाल कापू देत.