कार्ड राहू द्या, आधी घाटी मोफत करा!



१५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत झाले, असं सरकार छाती ठोकून सांगतं. चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात ते खरं आहे. सिल्लोड, पैठण, वैजापूरलाही खरं आहे. पण तिथून अवघड रुग्ण ‘रेफर’ होतो तो सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या घाटी रुग्णालयात, आणि घाटी त्या निर्णयात नाही! कारण? निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाचा, घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाची. म्हणजे सर्दी-तापाला मोफत आणि डोक्याला मार लागला की पावती! जालना, बीड, परभणी, हिंगोलीहून रात्री-अपरात्री येणाऱ्या नातेवाइकांनी मंत्रालयातली खातेवाटणी पाठ करून यायचं काय?

घाटीतल्या केसपेपरचं शुल्क किरकोळ आहे म्हणतात. किरकोळ आहे तर माफ करायला हात का थरथरतो? आणि केसपेपरपाशी थांबतं कुठे? सीटी स्कॅनची पावती येते, मग औषध शिल्लक नाही म्हणून बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी येते.

मग सांगतात, आरोग्य योजनेचं कार्ड काढा. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने दीड लाखावर सुरू झालेली योजना आज महात्मा फुलेंच्या नावाने पाच लाखांवर गेली. २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली. तिने माणसं वाचवली, हे आम्ही नाकारत नाही. पण ती चालते ठरलेल्या उपचारांच्या यादीवर, तेही बहुतेक वेळा दाखल झाल्यावर. बीपी-शुगरची रोजची गोळी, ओपीडीतल्या चकरा त्यात बसत नाहीत. रेशनकार्डात नाव न चढलेली सून आणि कागदपत्रं गावीच ठेवून वाळूजला आलेला कंत्राटी कामगार दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलासमोरच अडकतात.

आणि कार्ड हातात असलं तरी दवाखान्याचं काय? ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली, त्यात १२ नवजात. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कार्डाने वॉर्डात एक परिचारिका वाढत नाही की सलाइनची एक बाटली येत नाही. त्याला पगार आणि खरेदीचा पैसा लागतो. राज्यांनी अर्थसंकल्पाचे आठ टक्क्यांहून जास्त पैसे आरोग्यावर खर्च करावेत, असं राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्येच सांगितलं. मुदत होती २०२० ची. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही पोचला नाही.

आमची मागणी एकच: १५ ऑगस्टचा निर्णय घाटीसह राज्यातल्या सर्व सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना लागू करा, आणि औषधं आतच द्या.

घाटीतली प्रत्येक पावती आणि बाहेरच्या औषधाची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा. तिची झेरॉक्स काढून आपल्या आमदाराच्या कार्यालयात नेऊन द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका. हे पत्रक वाचून झालं की शेजाऱ्याला द्या.